तेवीस जणींचा एकच ताप

एका पोरीची नोकरी माझ्या चांगल्या अक्षरामुळे जायची वेळ आली, ती हकीकत मी लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या वेळच्या बाईला तेवढं पुष्कळ होतं आणि गावाला तर त्याहून पुष्कळ, कारण माझ्या वयाच्या बायकांत लिहिता येणारी मी एकटीच. आमचं गाव हिंगणघाटपासून आत, वेणा नदीच्या बाजूला. बँकेची स्लिप, निराधारचा अर्ज, बचत गटाचं रजिस्टर, गॅसचं पुस्तक, सगळं माझ्या ओट्यावर येतं. चाळीस वर्षं अर्ज भरून मी दोन गोष्टी शिकले. रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि खाडाखोड करायची नाही. रकान्यात लिहिलेलं खरं असलं पाहिजे असं मला आजवर एकाही बाबूनं सांगितलेलं नव्हतं.

आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा जन्म एक जुलैला झालेला आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तसं लिहिलं म्हणून. मी एक जुलैची. माझी आई सांगायची की मी झाले तेव्हा तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, पण ते कुणी विचारत नाही. ज्या बायका शाळेत गेल्याच नाहीत त्यांची जन्मतारीख मी लिहिली. तीही एक जुलैच. चालत आलेलं मोडायचं कशाला.

दोनेक वर्षांपूर्वी हिवाळा संपता संपता एक पांढरी गाडी आमच्या विहारासमोर थांबली. त्यातून एक डॉक्टर मॅडम उतरल्या आणि त्यांच्यामागे खोकी घेऊन एक पोरगी. मॅडम पुण्याकडच्या, केस पांढरे, बोलणं वर्तमानपत्रासारखं. पोरगी वर्ध्याजवळच्या नालवाडीची, नर्सिंग शिकलेली, नोकरीला लागून दोन महिने झालेले, गावोगाव फिरायचं काम तिचं. त्या ज्या मेडिकल कॉलेजातून आल्या त्याचं नाव मी लिहीत नाही. उगाच कुणाला वाटायचं की चूक त्यांची होती. चूक माझी होती.

मॅडमनी विहारातल्या फळ्यावर एक गोळा काढला आणि त्याला सगळीकडून खुंट्या काढल्या. धोत्र्याचं बोंडच ते. म्हणाल्या, हा फ्लूचा विषाणू. प्रत्येक खुंटीला वर डोकं आणि खाली देठ. डोकं दरवर्षी बदलतं, त्यामुळे मागच्या वर्षीची लस या वर्षीच्या फ्लूला ओळखत नाही. देठ मात्र फारसा बदलत नाही. आता अशी लस शोधायचं चाललं आहे की ती देठच पकडेल. म्हणजे कोणत्याही साली कसलाही फ्लू आला तरी तीच लस पुरेल.

माझी धाकटी जाऊ शेजारीच बसली होती. आमचं अंगण एक, मधली भिंत एक, चुली दोन. ती शाळेत गेली नाही, पण तिला समजायला फळा लागत नाही. ती म्हणाली, "म्हंजे चोर दरसाल टोपी बदलते, पण लंगडते तसाच."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि ते वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढे कळलं की दुसऱ्या गावांतही त्या तसंच समजावून सांगतात. आता चोर त्यांचा झाला आहे.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही, असंही मॅडमनी सांगितलं. औषध एका देशात तयार झालं. सुई आमच्याकडे आणि आणखी दोन देशांतल्या गावांत टोचायची. रक्त इकडच्या प्रयोगशाळेत तपासायचं, त्यातलं थोडं बर्फात घालून विमानानं बाहेर पाठवायचं, आणि सगळी आकडेमोड तिसऱ्याच ठिकाणी. पुढे सुई घेतलेल्या आम्हा तेवीस जणींपैकी एकीनंही विमान जवळून पाहिलेलं नाही. रक्त मात्र विमानात बसलं.

साठीच्या वरची माणसं हवी होती. सुई म्हटल्यावर पुरुषांना शेतातली कामं आठवली. बायका राहिल्या, माझ्यासकट तेवीस. आम्ही का तयार झालो तेही सांगते, कारण लोकांना वाटतं की आम्हाला पैसे नाहीतर साड्या वाटल्या. आदल्या हिवाळ्यात माझा दीर, म्हणजे जावेचा नवरा, साध्या सर्दी-तापानं गेला. तीन दिवस काढा प्याला, चौथ्या दिवशी दम लागला, पाचव्या दिवशी वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी आणला तो मेलेलाच. त्याच महिन्यात गावातली आणखी दोन माणसं गेली. जाऊ मॅडमना एवढंच म्हणाली, "माह्यं नाव पह्यलं लिहा."

संमतीपत्र सोळा पानांचं होतं. पोरीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, समजलं का म्हणून प्रत्येकीला विचारलं आणि त्याची फिल्म काढली. त्यात असं होतं की तुम्ही कधीही बाहेर पडू शकता, कारण सांगायची गरज नाही, तुमच्यावर कुणी रागावणार नाही. एक म्हातारी म्हणाली, "हे लग्नाच्या टायमाले काऊन नाई वाचलं कोणी?" बाकीच्या इतक्या हसल्या की फिल्म पुन्हा काढावी लागली.

निम्म्या जणींना नवी लस आणि निम्म्या जणींना बाजारातली नेहमीची. कुणाला कोणती ते पोरीलाही माहीत नाही आणि मॅडमनाही नाही. कुठल्या तरी बंद पाकिटात ते लिहून ठेवलेलं. हे आमच्या बायकांना पटेना. एवढ्या देशांनी मिळून काम करायचं आणि कुणालाच काही माहीत नाही.

"ग्रामपंचायतच आहे," जाऊ म्हणाली.

सुई झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. मग प्रत्येकीला एक थर्मामीटर आणि एक कार्ड दिलं. कार्डावर सात दिवसांचे सात रकाने, त्यात रोजचा ताप लिहायचा. त्याखाली दंड दुखतो का, सुजला का, थंडी वाजते का, अंग मोडून येतं का. पोरीनं फळ्यावर नमुना लिहून दाखवला, ९८.४. "असं लिहायचं," ती म्हणाली. "ज्यांना येत नाही त्यांनी जवळच्या कुणाकडून लिहून घ्या. आणि जास्त त्रास झाला तर मला फोन करा, कितीही वाजता." जवळचं कुणी म्हणजे कोण, हे आमच्या गावात विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी निम्म्या जणींचे दंड उचलेनात. कुणाला हिव भरलं, कुणाचं डोकं धरलं. जाऊ तर तीन दिवस खाटेवरून उठली नाही. मी तिच्या चुलीवर भाकरी टाकून दिल्या. कपाळावर ठेवलेला ओला फडका पाहता पाहता सुकायचा. फोन कर म्हटलं तर तोंड फिरवून निजली. चौथ्या दिवशी उठली आणि म्हणाली की माझ्या भाकरी जाड होतात, तेव्हा मला समजलं की बरी झाली. मला स्वतःला काहीच झालं नाही. बायका म्हणाल्या, बाईले पाणी टोचलं.

आठव्या दिवशी अकरा वाजता पोरगी कार्डं न्यायला येणार होती. आठ वाजता माझ्या ओट्यावर बावीस बायका आणि बावीस कोरी कार्डं.

"सांगा कोणाले किती होता ते," मी म्हटलं.

पहिलीच म्हणाली, "मले दोन दिवस हिव भरलं होतं. पण तसं लिहू नोको बाई."

"काऊन?"

"पोरीवर येईन ना. तिच्या हातची सुई. वरचे लोक म्हणतीन, ही गेली अन् म्हाताऱ्या पाडून आली."

"आपण पंगतीत जेवून येतो," दुसरी म्हणाली, "अन् घरी येऊन पोट दुखते. तर जेवू घालणाऱ्याच्या तोंडावर जाऊन सांगते का कोणी?"

नाही सांगत. आमच्याकडे ही रीत पक्की आहे. एका लग्नात सगळ्या गावाचं पोट बिघडलं होतं, दोन दिवस गाव आडवं पडलं होतं. मुलीच्या बापाला आजवर कुणी बोललेलं नाही. तो अजून चारचौघांत सांगतो की तशी बुंदी पुन्हा झाली नाही, आणि आम्ही माना हलवतो.

मी जावेकडे पाहिलं. "तू तं तीन दिवस उठली नाई."

"ते तुमाले माहीत, मले माहीत," ती म्हणाली. "कार्डाले काऊन सांगता? गरिबाची पोर आहे. नवी नोकरी आहे. माह्याही रकान्यात बरंच लिहा."

मग मी फळ्यावरचा नमुना आठवला आणि लिहायला बसले. ९८.४. तेवीस कार्डं, सात सात रकाने, एकशे एकसष्ट वेळा ९८.४. अर्ध्यावर पेन संपला तर दुकानातून दुसरा निळाच पेन आणवला, कारण एका अर्जावर दोन शाया चालत नाहीत. खाली सगळ्यांना 'नाही'. झाल्यावर ती तेवीस कार्डं ओट्यावर मांडली. एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी दिसत होती. मला बरं वाटलं, ते कशाला लपवू.

अकराला पोरगी आली. "किती छान भरलंय आजी," ती म्हणाली. "बाकीच्या गावांत चहाचे डाग काय, खाडाखोड काय." तिनं कार्डं चाळली आणि पिशवीत टाकली. चाळण्याऐवजी वाचली असती तर पुढचं झालं नसतं, पण नीटनेटकं दिसलं की कुणीही एवढंच करतं.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी रोज म्हणते. त्या दिवशीही म्हटलं आणि जीभ अडखळली नाही. बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, असं माझं चाळीस वर्षांचं मत होतं.

महिन्याभरानं पोरगी पुन्हा आली. गाडी नव्हती, स्वतःच्या स्कुटीवर आली होती. चहा ठेवला तर तिनं कप उचलला नाही. जाऊ मधल्या भिंतीवरून डोकावली आणि अंगणात येऊन बसली.

"आजी, खरं सांगा. इथं कुणालाच ताप आला नव्हता का?"

"काऊन विचारतेस?"

तिनं सांगितलं. आकडेमोड करणाऱ्यांच्या मशीननं आमचं गाव धरलं होतं. तेवीस बायका, सात दिवस आणि एकच आकडा. तिकडे म्हणत होते की माणसाचा ताप असा नसतो, सकाळ-संध्याकाळ थोडा तरी हलतो. शिवाय तेवीस कार्डांवर एकच अक्षर. त्यांनी अर्थ असा काढला की पोरगी गावात आलीच नाही, घरी बसून तिनंच कार्डं भरली. बुधवारी तिची चौकशी होती. तिचं काम जाणार होतं आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात तिला कुणी उभं करणार नव्हतं. आमचं गावही यादीतून काढणार होते.

"मी रडून सांगितलं की मी नाही भरली," ती म्हणाली. "पण मलाही माहीत नाही ना कोणी भरली."

"मी भरली," मी म्हटलं.

मग तिनं मला जे ऐकवलं ते माझ्या सासूनंही कधी ऐकवलं नव्हतं. "रोज विहारात शील म्हणता आजी. मला ताप लपवून काय मिळणार होतं? ताप आला हे लिहायलाच तर मला ठेवलंय. तेच माझं काम आहे."

"तुह्यावर येऊ नये म्हून केलं पोरी," जाऊ म्हणाली.

"आलंच ना मग."

इतक्या वेळात चहावर साय धरली.

बुधवारी मी आणि जाऊ सकाळच्या एसटीनं वर्ध्याला गेलो. वर्ध्यालाच लागून असलेल्या सिंदी मेघेत माझा मुलगा राहतो, एका ऑफिसात कारकून आहे. तो स्टँडवर आला होता. हकीकत ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"आई, तू काई लिहून देऊ नको. मी भरलं म्हणशीन तं फसवणुकीची केस होते."

"होऊ दे. कोर्टात तारीख लागेपर्यंत मी जित्ती राह्यतो कुठी."

"काकू, तुम्ही तरी सांगा हिले."

"मीच घेऊन आली हिले," जाऊ म्हणाली, आणि ते खोटं होतं.

कॉलेजच्या मागच्या बाजूला एक थंड खोली होती. डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. पोरगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हात मांडीवर, जणू पाहुण्यांना दाखवायला बसवलेली. भिंतीवरच्या पडद्यावर सहा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक माणूस. मधल्यात एक पांढऱ्या दाढीचा गोरा, तो सगळ्यांत मोठा असावा, कारण तो बोलला की बाकीचे पाणी प्यायचे थांबत. खालच्या चौकोनात एक काळीसावळी बाई, डोक्याला रंगीत फडकं. ती दुसऱ्या देशातली, तिच्याकडेही अशीच गावं होती.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "कार्डं मी भरली. या पोरीनं एकही भरलं नाई. तिले माहीतही नव्हतं."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. दाढीवाला बराच वेळ बोलला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्यांचं म्हणणं असं की कुणीही येऊन असं सांगू शकतं. तुम्हाला हिनं शिकवून आणलं नाही, हे कशावरून?"

"कोरं कार्ड द्या."

मला कार्ड दिलं, पेन दिला. मी बसले, चष्मा लावला आणि सात रकाने भरले. ९८.४, सात वेळा, खाली 'नाही'. मॅडमनी ते कार्ड पडद्यासमोर धरलं आणि शेजारी जुनं एक धरलं. सहाही चौकोनांतली डोकी पुढे आली. मग दाढीवाला काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतात, अक्षर फार सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या.

"त्याईले सांगा, त्यानंच घोळ झाला."

मॅडमनी विचारलं की असं का केलं. मी पंगतीची गोष्ट सांगितली, बुंदीसकट. मॅडमना इंग्रजीत बुंदी समजावून सांगायला वेळ लागला. सगळ्यांत आधी ती फडक्यावाली बाई हसली. तोंडावर हात ठेवून हसली आणि मग एकदम हसायची थांबली. तिनं कागद ओढले, काहीतरी शोधलं आणि घाईघाईनं बोलली. मॅडमनी डोक्याला हात लावला. तिच्याकडच्या दोन गावांतूनही कार्डं फारच चांगली आली होती. तीही आता जाऊन विचारते म्हणाली.

दाढीवाला हसला नाही. त्यानं जे सांगितलं ते मॅडमनी मला सावकाश समजावलं. ही पहिली सुई कमी ताकदीची होती. कुणाला किती ताप येतो ते पाहून पुढच्या माणसांना किती द्यायची हे ठरणार. कुणालाच काही झालं नाही असं कार्डांवर दिसलं, तर पुढच्या गावांना जास्त ताकदीची दिली असती. मशीननं धरलं म्हणून थांबले.

माझ्या एकशे एकसष्ट रकान्यांनी कुठल्या तरी गावातल्या, मी कधी न पाहिलेल्या म्हातारीला दुप्पट सुई बसली असती. अर्ज चुकला तर फार तर आपला अर्ज परत येतो, एवढंच मला तोवर माहीत होतं.

"आता खरं आठवतं का, कुणाला काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

आठवत होतं. गावात ताप लपत नाही. एक बाजाराच्या दिवशी थंडीनं कुडकुडत परत आली होती. एकीला दोन दिवस हिव होतं. एकीचा दंड सुजून बांगडी वर सरकेना. मी बोटांवर अकरा जणी मोजल्या. मॅडम लिहीत गेल्या.

मग त्यांनी जावेला विचारलं, "तुम्ही थर्मामीटर लावला होता का?"

"लावला ना."

"किती दाखवत होता?"

"दुधाले लावला. विरजणाच्या आधी कोमट झालं का नाई ते पाहाले. दही भल्लं चांगलं लागलं."

हे मॅडमनी इंग्रजीत सांगितलं नाही.

"आणि तुम्हाला ताप?"

"तीन दिवस होता," जाऊ म्हणाली. "माह्या मालकाले आला होता तसाच. दम लागते का म्हून मी रात्रभर जागी राह्यली."

"मग हिला फोन का नाही केला आजी? त्यासाठीच नंबर दिला होता."

"नोकरी गेली असती ना तिची."

ते मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. पोरगी कोपऱ्यात उठून उभी राहिली, मग काय करायचं ते न कळून पुन्हा बसली.

निकाल अर्ध्या तासानं लागला. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, जाऊ घरून आणलेले मुरमुरे खात होती. पोरीची नोकरी राहिली. कार्डं न वाचता घेतली म्हणून तिला लेखी समज दिली आणि ते बरोबरच होतं. आमचं गाव यादीत राहिलं, पण ते सात दिवस रद्द. तेवढा कागद कोरा धरायचा. दुसऱ्या सुईनंतर कार्डं कुणी भरायची नाहीत. पोरीनं सात दिवस रोज गावात यायचं, स्वतः ताप पाहायचा, स्वतः विचारायचं, स्वतः लिहायचं. म्हणजे मी तिचं काम वाचवायला गेले आणि सातपट करून ठेवलं. मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं की मी अभ्यासाच्या कोणत्याही कागदाला हात लावणार नाही. मी सही केली. मॅडमना तीही सुंदर वाटली असावी, पण त्यांनी कागद लगेच फाइलीत घातला.

गावात येऊन मी विहारात सगळ्यांना सांगितलं की आता काहीही लपवायचं नाही, जे होईल ते सांगायचं, नाही सांगितलं तर पोरीची नोकरी जाईल. आमच्या बायकांना शेवटचं तेवढं ऐकू आलं.

दुसरी सुई झाली आणि पोरगी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. पहिल्याच घरी तिचा दीड तास गेला. म्हातारीनं दंडापासून सुरू केलं आणि मग गुडघा, जो तीस वर्षांपासून दुखतो, मग कानातला आवाज, मग सुनेचं न बोलणं. दुसरीकडे पायाच्या भेगा दाखवल्या. एकीनं तिच्या शेळीला जुलाब झाल्याचं सांगितलं आणि तेही लिहून घे म्हणाली, नंतर बोल लागायला नको. पोरगी सांगत होती की सुईनंतर नवीन जे झालं तेवढंच सांगा. पण नवीन काय आणि जुनं काय हे ठरवण्याची जोखीम कुणी घेईना. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेळी लिहिली नाही, असं ती म्हणते.

जावेला त्या वेळी नुसता दंड दुखला. ती थोडी नाराज होती. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं दंडाचंच चारदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला. पाणी टोचलेल्या बाईला ताप आला म्हणून सगळ्या जणी पाहून गेल्या. पोरगी आली तेव्हा मी गोधडीत होते. तिनं थर्मामीटर काखेत लावला आणि खाटेच्या कडेवर वही उघडून बसली.

"काय होतंय आजी?"

तोंडावर आलं होतं, बरं आहे. "अंग मोडून राह्यलं," मी म्हटलं. "डोकं ठणकून राह्यलं. तोंडाले चव नाई. अन् हे सगळं तुह्या सुईनं झालं."

"छान," ती लिहीत म्हणाली. "आणखी?"

"आणखी काय? मरू का?"

"त्याचा फॉर्म वेगळा आहे आजी. तो मले चोवीस तासांत पाठवा लागते."

"मंग आज राहू दे. उद्या रविवार आहे, तुले सुट्टी असन."

"या सात दिवसांत रविवार नाई," ती म्हणाली. थर्मामीटर वाजला. तिनं तो उजेडाकडे धरला, दोनदा पाहिला आणि लिहिलं, १०१.२. मग वही माझ्यासमोर धरून विचारलं, बरोबर आहे ना. मी हात न लावता पाहिलं आणि हो म्हटलं. जाऊ चहा घेऊन आली, आणि पोरीनं कप उचलला.